भाकर कोणासाठी?

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तेव्हा त्यांनी पंचावन्नी गाठली होती. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांचे सगळे आयुष्य याच मिशनच्या आधाराने चालले होते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांच्या हाती होता, कवी म्हणून नाव महाराष्ट्रभर झाले होते. दरमहा ठरलेला पगार, राहायला जागा, समाजात मान असे सगळे जागच्या जागी असताना ते उठले. कोरेगावहून सातारा अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहे, पण आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळींनासुद्धा ही हकीकत आता ओझरतीच माहीत असते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आणि धर्मशास्त्राचा अभ्यासक म्हणून मी या एका निर्णयाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण ‘जगाचा मोह’ या विषयावर आमच्या व्यासपीठांवरून जे काही बोलले जाते, त्यात हा निर्णय कुठेच बसत नाही. टिळकांना कुठल्या मोहाने घेरले होते? बाटली नव्हती, जुगार नव्हता, परस्त्री नव्हती. होती ती एक सरळ, स्वच्छ, कष्टाची मिळकत. मग त्यांनी सोडले ते काय?

आमच्या उपदेशांतली मोहांची यादी ठरलेली असते. पूर्वी तीत दारू, मटका आणि तमाशा असे, पुढे सिनेमा आला, आता मोबाईलवरची रमी आणि आयपीएलवरचा सट्टा आला आहे. ही यादी खोटी आहे असे मी अजिबात म्हणत नाही. रमीच्या नादाने जमिनीचा तुकडा विकावा लागलेल्या घराला हा विषय पुस्तकी वाटणार नाही. पण या मोहांचे एक लक्षण आहे. त्यांत पडलेल्या माणसाला आपण पडलो हे ठाऊक असते, आणि गावालाही. लपूनछपून करावे लागते, यातच त्याची कबुली असते. जे मोह माणसाला उजळ माथ्याने करता येतात, ज्यांच्याबद्दल नातेवाईक पाठ थोपटतात, ज्यांच्यामुळे मंडळीच्या पंचकमिटीवर निवडून जाता येते, त्यांच्याबद्दल आम्ही गप्प असतो. माझे म्हणणे असे की, शुभवर्तमानात मोहाची जी मोठी कसोटी सांगितली आहे ती नेमकी या दुसऱ्या प्रकारची आहे. तिला उत्तर म्हणून जे दिले आहे तेही वस्तूंचा त्याग एवढेच नाही. ते उत्तर प्रीती आहे, आणि ती प्रीती खरी की खोटी हे हातातली भाकर कोणासाठी आहे यावरून कळते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग बारकाईने पाहावा. येशू चाळीस दिवस रानात उपाशी आहे. सैतान येतो आणि पहिली गोष्ट सुचवतो ती भाकरीची: धोंड्यांच्या भाकरी कर. यात वाईट काय? भुकेलेल्याने खावे यात पाप नाही. दुसऱ्या वेळी तो येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाकायला सांगतो, देवदूत झेलतील म्हणून, आणि वर स्तोत्रसंहितेतला आधार काढून दाखवतो. मोह पवित्र शास्त्र तोंडपाठ म्हणत येतो, ही गोष्ट आम्ही फार पटकन ओलांडून जातो. तिसऱ्या वेळी जगातली सगळी राज्ये देऊ करतो. तिन्ही वेळा येशू अनुवादाच्या पुस्तकातले, म्हणजे इस्राएल रानात भटकत असतानाच्या काळाशी बांधलेले वचन उत्तरादाखल देतो. आता याच शुभवर्तमानात पुढे चला. चौदाव्या अध्यायात पाच भाकरी नि दोन मासे यांतून पाच हजार पुरुष, आणि बायकामुले वेगळी, जेवतात. जो स्वतःच्या भुकेसाठी दगडाला हात लावत नाही तो लोकांच्या भुकेसाठी भाकर वाढवतो. सामर्थ्य तेच आहे, वस्तूही तीच. म्हणजे मोह भाकरीत नव्हता. आपल्याजवळची शक्ती, बापावर विसंबणे सोडून, स्वतःपुरती वळवून घेणे हा तो मोह होता. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतसुद्धा रोजच्या भाकरीची मागणी आधी येते आणि परीक्षेतून राखण्याची मागणी नंतर. शारीरिक गरज म्हणजेच मोह असे ज्यांना वाटते त्यांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे.

शिखरावरचा मोह आज आमच्या मंडळ्यांच्या फार जवळ आला आहे. मोठ्या पटांगणातल्या सभांमधून, यूट्यूबवरून आणि व्हॉट्सॲपवरून असे प्रवचन सर्रास ऐकू येते की, विश्वास धरा, दशांश द्या, म्हणजे देव तुमचे कर्ज फेडील, मुलाला परदेशचा व्हिसा मिळेल, गाडी दारात उभी राहील. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हा आमच्या श्रद्धेचा भाग आहे आणि राहील. पण देवाला उडीची पैज लावणे आणि त्या पैजेला विश्वास म्हणणे, याला येशूने रानात नकार दिलेला आहे. गरजू माणसाची अगतिकता वापरून हे केले जाते म्हणून मला त्याची चीड येते. अशा सभेला जाणाऱ्या बाईचा दोष नाही. तिच्या घरी खरोखर आजारी माणूस आहे. दोष तिला व्यवहार शिकवणाऱ्याचा आहे. देवाला अर्पण म्हणून तिने जे आणले त्याला त्याने गुंतवणूक करून टाकले.

मग मोहाला हरवायचे कसे? ‘मन मारा’ हे उत्तर ख्रिस्ती परंपरेतही भरपूर दिले गेले आहे, पण त्या परंपरेतल्या खोल विचारवंतांनी ते पुरेसे मानलेले नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टिनने सांगितले की पाप म्हणजे चांगल्या वस्तूवर चुकीच्या क्रमाने केलेली प्रीती. सृष्टी सुंदर आहे, तिच्यावर प्रेम जडणारच. तिला निर्मात्याच्या जागी बसवले की घोटाळा होतो. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या थॉमस चामर्सने हेच सूत्र एका प्रसिद्ध प्रवचनात पुढे नेले: माणसाचे हृदय रिकामे राहू शकत नाही, म्हणून जुनी आसक्ती काढून टाका असे नुसते सांगून ती जात नाही, तिच्याहून मोठी प्रीती आत आली तरच ती बाहेर पडते. हे वाचायला गोड वाटते, पण चामर्सला त्याची किंमत मोजावी लागली. मंडळीचा पाळक कोण असावा हे जमीनदाराने ठरवावे की मंडळीने, या वादात १८४३ साली स्कॉटलंडच्या सरकारमान्य चर्चमधून साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि त्याबरोबर पगार, राहते घर आणि चर्चच्या इमारती यांवर पाणी सोडले. चामर्स त्यांच्या नव्या फ्री चर्चचा पहिला अध्यक्ष झाला. त्या फुटीचे पडसाद इकडे मुंबईतही उमटले. ज्यांच्या नावाने आज विल्सन कॉलेज ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले, आणि जुन्या चर्चच्या मालकीची शाळेची इमारत त्यांना सोडावी लागली. मराठी ख्रिस्ती समाजाच्या मुळाशी असलेल्या एका धारेत पगार सोडण्याची ही आठवण आहे. टिळकांचा १९१७ चा निर्णय अगदीच आभाळातून पडलेला नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पगार घेणे हे पाप कधीपासून झाले? मिरजेच्या मिशन इस्पितळातली परिचारिका पगार घेते, शाळेतला शिक्षक घेतो, पाळकही घेतो. पौल स्वतः राहुट्या शिवून पोट भरत असे आणि कामकऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे असेही सांगत असे. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच टिळकांचा निर्णय हा सर्वांसाठी नियम नव्हे. सर विल्यम वॉन्लेस यांचे उदाहरण आमच्याच खोऱ्यातले आहे. ते १८८९ साली हिंदुस्थानात आले, मिरजेत इस्पितळ उभारले, जवळजवळ चाळीस वर्षे काम केले, हाताशी आलेल्या मराठी तरुणांना वैद्यक शिकवले. मिशनच्या व्यवस्थेत राहूनच त्यांनी ते केले आणि त्यात काही कमीपणा नव्हता. प्रश्न पगाराचा नसून पगार जिभेवर बसतो की नाही याचा आहे. टिळकांना ख्रिस्त मराठी माणसापुढे मराठी रीतीने मांडायचा होता: टाळ, भजन, कीर्तन, अभंग यांच्या अंगाने. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मोकळेपणी सांगत. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसता येईल असा बंधुसंघ, म्हणजेच देवाचा दरबार, त्यांना हवा होता, आणि तो परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या चौकटीत मावणारा नव्हता. अशा वेळी मिशनमध्ये राहून, थोडे कमी बोलून, थोडे जुळवून घेऊन पेन्शनीपर्यंत पोहोचणे सोपे होते. कोणी त्याला मोह म्हटले नसते. व्यवहार म्हटले असते.

टिळकांनी आपल्या या नव्या जीवनाला संन्यास म्हटले. त्यावर साहजिकच असे विचारता येईल की यात ख्रिस्ती काय उरले. हा तर आपल्याच मातीतला वैराग्याचा मार्ग. मला या प्रश्नात अडचण दिसत नाही, उलट आनंद वाटतो. सातारा जिल्ह्यातच, माण तालुक्यात, टिळकांचे समकालीन गोंदवलेकर महाराज प्रपंच न सोडता नाम घ्या म्हणून सांगत होते. दरवर्षी माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत जिल्ह्यातून जाते आणि तिच्यातले बहुतेक सगळे वारकरी घरी परतून नांगराला हात घालणारे असतात. जगात राहून जगाचे न होणे ही गोष्ट इथल्या माणसाला परकी नाही. टिळकांचा संन्याससुद्धा घर टाकून निघालेल्या माणसाचा नव्हता. ख्रिस्ती विश्वास इथे जी भर घालतो ती अशी: आमच्या मते देवाने जगावर एवढी प्रीती केली की तो स्वतः देह धरून त्यात आला, सुताराच्या घरात वाढला, लग्नाच्या जेवणाला बसला. त्यामुळे जगाचा कंटाळा हा आमच्यासाठी भक्तीचा पुरावा होऊ शकत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात जगावर प्रीती करू नका असे बजावले आहे हे खरे. पण तिथे लगेच नावे घेतली आहेत ती देहाच्या वासनेची, डोळ्यांच्या हव्यासाची आणि संपत्तीच्या फुशारकीची. शेजारी, शेत, लेकरे, गाणे यांची नव्हेत. त्याच पत्रात पुढे असेही आहे की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणे शक्य नाही.

आणि दिसणारा माणूस म्हणजे पहिल्यांदा घरातला माणूस. टिळकांचे गुणगान करताना आम्ही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडून येणारा आक्षेप नीट ऐकत नाही, आणि तो या सगळ्या विषयातला मला सर्वांत कठीण वाटतो. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे मराठीतले अजोड आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना टिळकांच्या घरातला पैसा कसा वाहून जाई हे माहीत आहे. कोणी मागितले की देऊन मोकळे. विद्यार्थी, अनाथ मुले, आजारी, पाहुणे यांचा सतत राबता. बालकवी ठोंबरे तर अहमदनगरला त्या घरचेच झाले होते. देण्याचा आनंद टिळकांचा आणि उद्याच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंची, अशी ती वाटणी होती. त्याआधी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात राहिल्या. नवरा जिवंत असून तुटलेला, समाजाची नजर बोचणारी. एका माणसाने देवासाठी केलेल्या त्यागाचे बिल दुसऱ्याच माणसाच्या नावावर फाडले जाते, ही धर्माच्या इतिहासातली जुनी तक्रार आहे, आणि तिला ‘देवासाठी सगळे सोडावेच लागते’ असे तोंडावर फेकून उत्तर देणे मला मान्य नाही.

येशूलाही ते मान्य नव्हते. मार्काच्या सातव्या अध्यायात तो अशा लोकांवर कडक शब्दांत बोलतो जे आईबापांना द्यायची मदत ‘देवाला अर्पण केली’ असे जाहीर करून हात झाडतात. धर्माचे नाव घेऊन जवळच्या माणसाचे देणे चुकवणे हा त्याच्या लेखी भक्तीचा अतिरेक नसून आज्ञाभंग आहे. शिष्य होण्यासाठी आईबाप, बायकामुले यांच्याहून मला वर ठेवा असेही त्याने सांगितले आहे. या दोन वचनांची सांगड मी अशी घालतो: देव पहिला, पण त्याला पहिला मानल्याची पावती घरच्यांच्या ताटातून वसूल करायची नाही. टिळक या बाबतीत नेहमी बरोबर होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या औदार्यात एक बेहिशेबीपणा होता, आणि संन्यासाला स्वतःचा असा एक मोह असतोच: ‘मी सोडले’ या जाणिवेचा. पण या कहाणीत लक्ष्मीबाई केवळ सोसणारी बाजू नाहीत. सोवळेओवळे हाडीमाशी मुरलेल्या या बाईने नवऱ्याच्या मागोमाग फरफटत न जाता, स्वतः विचार करून, जातीचा भेद मनातून टाकला आणि मग बाप्तिस्मा घेतला. नगरला प्लेगच्या दिवसांत त्या रोग्यांच्या सेवेला गेल्या. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ दहा-साडेदहा अध्यायांवर थांबले होते, ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय लिहून पुरे केले. सोवळे हा त्यांच्या जन्मभराचा आसरा होता. तो सुटणे हे टिळकांच्या राजीनाम्याहून लहान नाही, कदाचित मोठेच आहे. आणि तो सुटला तो माणसांवरच्या मायेने.

आता ज्याला सोडण्यासारखे काही आहे त्याच्याकडे वळू, म्हणजे आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याकडे. इथे आल्याचे पीक मोठे आहे आणि आल्याचा दर गाडीवर, म्हणजे पाचशे किलोंवर, बोलला जातो. एका वर्षी गाडी इतकी पडते की काढणीची मजुरी निघत नाही. दुसऱ्या वर्षी तीच कित्येक पटींनी चढते. द्राक्षासारखे ते लगेच तोडावे लागत नाही. दर नसेल तर कंद जमिनीतच राखून ठेवता येतात, पुढच्या हंगामावर नजर ठेवून. हा अंदाज, हे थांबणे, ही शेतकऱ्याची अक्कल आहे. आता लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी पाहा. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आले. त्याने चोरी केली नाही, मजुरी बुडवली असेही सांगितलेले नाही. कोठारे पाडून मोठी बांधायची एवढाच त्याचा बेत आहे. तरी देव त्याला मूर्ख म्हणतो. असे का? मला वाटते, याचे उत्तर तो बोलतो कोणाशी यात आहे. संपूर्ण दाखल्यात तो फक्त स्वतःशी बोलतो: माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझ्या जिवा. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही, देवही नाही. याच्या शेजारी उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ ठेवा. तोही सात वर्षे कोठारेच भरतो, आणि कितीतरी मोठी. पण ती पुढच्या सात दुष्काळी वर्षांसाठी आणि देशभरच्या भुकेल्यांसाठी. साठवणे दोघांचेही आहे, आणि शास्त्र एकाला मूर्ख म्हणते, दुसऱ्याला शहाणा. त्यामुळे राखून ठेवलेल्या आल्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. पडत्या वर्षापेक्षा चढत्या वर्षी जास्त जागे राहावे, एवढे मात्र म्हणेन. पडत्या वर्षात माणूस प्रार्थना करतोच. चढत्या वर्षी लग्नाचा मांडव शेजाऱ्याच्या मांडवापेक्षा हातभर मोठा घालायची इच्छा होते, आणि पुढच्या पडत्या वर्षी ते कर्ज सोसायटीच्या खात्यावर उभे राहते.

इथपर्यंत ज्यांना माझे म्हणणे पटले असेल, त्यांतलेच काही जण एक आक्षेप मनात धरून असतील. सभ्यतेमुळे तो तोंडावर म्हटला जात नाही, म्हणून मीच मांडतो. ख्रिस्ती लोकांनी जगाच्या मोहाबद्दल बोलावे का? तुमच्यातले पुष्कळ लोक आमिषानेच तर ख्रिस्ती झाले. दुष्काळात मिशनने धान्य दिले, शाळा दिली, नोकरी दिली. १८७६-७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या अखेरचे दोन दुष्काळ यांत मिशनऱ्यांनी खूप मदतकार्य केले आणि त्या काळात मंडळ्या वाढल्या, हे खरे आहे. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणून केडगावच्या मुक्ती सदनात वाढवल्या हेही खरे आहे. पण मरणाच्या दारात असलेल्या मुलीच्या तोंडी घातलेला घास याला आमिष म्हणायला मन धजत नाही. रानातली भाकर आणि पाच हजारांची भाकर यांतला फरक इथे पुन्हा समोर येतो. काहींनी भाकरीसाठीच येशूचे नाव घेतले असेल. शुभवर्तमानातसुद्धा भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधत येतात आणि येशू त्यांना तसे सुनावतो. तरी आदल्या दिवशी वाढताना त्याने कोणाची परीक्षा घेतली नव्हती.

शिवाय आजचा हिशेब उलटा आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली घरे पुष्कळ आहेत. १९५० च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे बाप्तिस्मा घेतल्यावर जातीचा चटका गावात तसाच राहतो, पण अनुसूचित जातीच्या वाट्याची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, नोकरीतले आरक्षण हे सगळे कागदावरून पुसले जाते. आज आमिष आहेच असे म्हणायचे तर ते ख्रिस्ती न होण्याचे आहे. आणि इथे मोहाचे जे रूप दिसते ते फार जवळून पाहण्यासारखे आहे: शाळेच्या प्रवेशाचा अर्ज, त्यावर ‘धर्म’ या शब्दापुढची एक रिकामी रेघ, आणि पेन हातात धरून बसलेली आई. दर रविवारी उपासनेला जाणारी, प्रभुभोजन घेणारी ही बाई त्या रेघेवर काय लिहील? काही ठिकाणी काय लिहिले जाते हे सर्वांना माहीत आहे. मंडळीतले पगारदार, शहरात फ्लॅट असलेले सभासद यावर कुजबुजतात, तेव्हा मला पेत्राची आठवण होते.

पेत्राने अंगणातल्या शेकोटीपाशी आधी एका दासीपुढे आणि मग इतरांपुढे येशूला ओळखत नाही म्हणून सांगितले, तेही तीन वेळा. हा मोह पैशाचाही नव्हता, जिवाचा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो तेव्हा आधी निखाऱ्यांवर भाजलेले मासे आणि भाकर देऊन जेवू घालतो. मग विचारतो. ‘पुन्हा असे करशील का’ असे विचारत नाही. ‘तू असे का केलेस’ असेही नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढेच तीनदा विचारतो, आणि प्रत्येक वेळी पेत्राने होय म्हटल्यावर त्याला मेंढरे चारायला सांगतो. पडलेल्या माणसाला पुढच्या मोहासाठी बळकट करण्याची याहून दुसरी रीत मला शास्त्रात सापडलेली नाही. त्या आईने खरे लिहावे असे मला वाटते, आणि हे मी मऊ शब्दांत लपवणार नाही. खोट्या कागदावर उभा राहिलेला विश्वास मुलालाही कळतो. पण तिला हे सांगण्याचा अधिकार मंडळीला तेव्हाच येतो, जेव्हा त्या मुलाची फी भरण्यासाठी मंडळी पुढे येते. आणि कायद्यातला हा भेद दूर व्हावा यासाठी चाललेल्या लढ्यात उभे राहणे हा भक्तीला जोडलेला राजकारणाचा तुकडा नाही, तो भक्तीचाच भाग आहे.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. इहलोकीचा लोभ सोडून स्वर्गाची आशा धरली म्हणजे लहान लोभाच्या जागी मोठा लोभ बसवला, एवढेच ना? ईयोबाच्या पुस्तकात हा प्रश्न खुद्द सैतान विचारतो: ईयोब देवाला भितो तो काय फुकट? त्याची गुरेढोरे, मुलेबाळे काढून घ्या, मग पाहा. पुस्तकभर ईयोब देवाशी भांडतो, जाब विचारतो, पण सगळे हरपल्यावरही देवाशी बोलणे सोडत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे. तुकोबांनी मुक्ती नाकारून भक्तीसाठी पुन्हा जन्म मागितला, ते याच उत्तराचे मराठी रूप. ज्याच्यावर प्रीती आहे त्याच्या सहवासापलीकडे ज्याला दुसरे बक्षीस नको, त्याला कशाचे आमिष दाखवणार? टिळकांना ही गोष्ट तुकोबांकडून आधीच मिळाली होती, म्हणून डोंगरावरचे प्रवचन प्रथम वाचले तेव्हा ते त्यांना परके वाटले नाही.

देवाचा दरबार टिळकांच्या पश्चात टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. साताऱ्यात त्यांना दोन वर्षेही नीट मिळाली नव्हती. यावरून काहींनी निर्णय चुकला असा निष्कर्ष काढला आहे. मी तो काढत नाही, कारण ज्या मोजपट्टीने तो काढला जातो, म्हणजे सभासद किती, इमारत कोणती, निधी किती, तीच मोजपट्टी टिळकांनी नाकारली होती. दरबाराची कल्पना मात्र साताऱ्याबाहेर गेली. टिळकांचे इंग्रज चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि भारतीय राहणीत, एकत्र, साधेपणाने जगणाऱ्या ख्रिस्ती आश्रमांची वाट त्यातून रुंदावली. आणि टिळकांची पदे आजही आमच्या मंडळ्यांतून पेटी-तबल्यावर म्हटली जातात. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की त्यांचे नाव पानोपानी भेटते. ती गाणाऱ्या मंडळ्यांपुढे आज मिशनच्या जुन्या जागांचे प्रश्न आहेत, विश्वस्तपदांसाठी गटबाजी आहे, कोर्टकचेऱ्या आहेत. त्या जमिनी कोणाच्या, हा कायद्याचा प्रश्न न्यायालय सोडवील. त्यांचे उत्पन्न कोणासाठी, हा प्रश्न मंडळीने वार्षिक सभेत, हिशेबाची वही उघडी ठेवून, मोठ्याने विचारायचा आहे, आणि ज्या घरी प्रवेशअर्जावरची ती रेघ भरायची राहिली आहे त्या घराचे नाव खर्चाच्या पहिल्या ओळीत घ्यायचे आहे.